कोल्ड स्टोरेजमधला डबा दर चौथ्या दिवशी मान टाकतो: ओपनएसएसएल १.०.२ मेमरी गळतं का?

निफाडचा_थंडोबा
सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, तीन आठवडे डोकं पिंजून झालं. आता तुमच्यासमोर गाठोडं सोडतो.

अंबडला एका गाळ्यात आम्ही चार जण बसतो. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लावायचा एक डबा बनवतो. आत छोटा लिनक्स बोर्ड, रॅम ६४ एमबी. खोल्यांचं तापमान आणि आर्द्रता वाचायची आणि दर मिनिटाला टीएलएसवरून, म्हणजे कुलूपबंद जोडणीवरून, सर्व्हरला पाठवायची, एवढंच काम. प्रोग्राम सी मध्ये, लिहिणारा मी. बोर्डवाल्याने दिलेल्या एसडीकेत (प्रोग्राम बांधायच्या सामानात) टीएलएस सांभाळणारी लायब्ररी ओपनएसएसएल १.०.२ आहे. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०१९ ला संपला हे मला माहीत आहे, शिव्या नंतर घाला.

पिंपळगाव बसवंतला एके ठिकाणी हा डबा दर चौथ्या दिवशी मान टाकतो. नोंदीत दिसतं की मेमरी संपली आणि कर्नलच्या ओओएम किलरने आमचा प्रोग्राम मारला. पडलेला प्रोग्राम पुन्हा उठवायची सोय मी केली नव्हती, तेही चुकलंच. तोवर तात्पुरता जुगाड म्हणून तिथल्या वॉचमन मामांना सांगून ठेवलंय: दर तिसऱ्या दिवशी सकाळी प्लग काढायचा, दहा आकडे मोजायचे, परत लावायचा. मामा घड्याळासारखे पक्के. त्यांच्यामुळेच अजून गिऱ्हाईक टिकून आहे.

डबा तापमानासोबत स्वतःचा व्हीएमआरएसएसही पाठवतो, म्हणजे प्रोग्रामने खरोखर किती रॅम अडवलीय तो आकडा. त्या आलेखाला ऑफिसात 'दुतोंड्या' नाव पडलंय. नाशिकबाहेरच्यांसाठी: रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळे एकच विचारतात, मारुतीला कुठवर आलं? आमच्या डब्याचं तसंच. पहिल्या दिवशी गुडघा, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी छाती, चौथ्या दिवशी मारुती दिसत नाही.

आता मी काय केलं ते. लॅपटॉपवर १.०.२ च बांधून घेतलं आणि प्रोग्राम व्हॅलग्रिंडखाली, म्हणजे मेमरीची गळती शोधणाऱ्या अवजाराखाली, चालवला. अहवालाची पानंच्या पानं आली. न सोडलेल्या मेमरीचे दोन ढीग होते. 'स्टिल रीचेबल' मोठा, 'डेफिनेटली लॉस्ट' छोटा. मी मोठ्याच्या मागे लागलो. शोधाशोध करून मेनच्या शेवटी साफसफाईच्या ओळी टाकल्या: ईआरआर_रिमूव्ह_थ्रेड_स्टेट, कॉन्फ_मॉड्यूल्स_अनलोड, इंजिन_क्लीनअप, ईव्हीपी_क्लीनअप, क्रिप्टो_क्लीनअप_ऑल_एक्स_डेटा, ईआरआर_फ्री_स्ट्रिंग्ज. ढीग जवळजवळ गायब. मी खूश, टीमला मिसळ खाऊ घातली. चौथ्या दिवशी डबा परत आडवा.

उरला छोटा ढीग. त्याचा माग असा दिसतो: वर मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन), खाली एएसएन१ ची पाचसहा फंक्शनं, मग डी२आय_एक्स५०९, मग एसएसएल३_गेट_सर्व्हर_सर्टिफिकेट, आणि सगळ्यात खाली माझा एसएसएल_कनेक्टचा कॉल. म्हणजे मेमरी घेणारी सगळी मंडळी लायब्ररीच्या घरातली. मी म्हटलं, जुनी लायब्ररी आहे, गळत असेल. सप्रेशन फाइल केली, लायब्ररीतून येणारी प्रत्येक तक्रार दाबून टाकली. आता अहवाल चकाचक आणि डबा तसाच.

फेरा असा आहे: सीटीएक्स (सगळ्या जोडण्यांची सामाईक सेटिंग) एकदाच, लूपच्या बाहेर. लूपमध्ये सॉकेट, एसएसएल_न्यू, एसएसएल_सेट_एफडी, एसएसएल_कनेक्ट. मग एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेटने समोरच्याचं सर्टिफिकेट घेऊन त्यातलं नाव आमच्या सर्व्हरच्या नावाशी ताडून पाहतो. मग लिहिणं, वाचणं, एसएसएल_शटडाऊन, एसएसएल_फ्री, क्लोज. मिनिटभर झोप. परत पहिल्यापासून.

१.०.२ गळतं, असा कुणाला अनुभव?


पंचवटी_एक्सप्रेस
सोमवार, रात्री ११:५८

१.०.२ अजून जिवंत ठेवलंय म्हणजे पहिला नमस्कार तुला. पहिलं काम ३.० वर जाणं, बाकी चर्चा नंतर.

बाकी 'क्रिप्टो_क्लीनअप_ऑल_एक्स_डेटा' देवनागरीत वाचताना आजोबांचं जुनं पोस्टकार्ड वाचल्यासारखं वाटलं.


निफाडचा_थंडोबा
मंगळवार, सकाळी ८:१०

जायचंच आहे भाऊ. पण एसडीकेचा कंपायलर, कर्नल, सगळं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलंय. हंगाम ऐन भरात आहे, आत्ता लायब्ररी बदलली आणि खोलीचं तापमान कळलं नाही तर बागाइतदार मला द्राक्षांसोबत पेटीत भरतील.


कंपायलरकाकू
मंगळवार, सकाळी ९:२५

थंडोबा, तुझा फेरा दोनदा वाचला. सर्टिफिकेट घेतलंस ते दिसलं. परत कुठे दिलंस?

एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेट नुसतं दाखवत नाही, तुझ्या नावावर एक संदर्भ चढवून हातात देतं. ओपनएसएसएलच्या बहुतेक मोठ्या वस्तूंच्या आत एक मोजणी असते. कुणी वस्तू धरली की एकने वाढते, सोडली की एकने कमी होते. शून्य झाली तरच मेमरी खरोखर मोकळी. तू एसएसएल_फ्री करतोस, मग सेशनही जातं, सेशन आपला हात सोडतं. पण मोजणी शून्यावर जात नाही, एकवर येऊन थांबते. तो एक तुझा. एक्स५०९_फ्री तू कधी म्हणालाच नाहीस.

आता तू फसलास कुठे, ते सांगते, कारण इथे पुष्कळ जण फसतात. व्हॅलग्रिंड मेमरीचा जन्मदाखला दाखवतं. कुठे जन्मली तेवढं लिहिलेलं असतं. कुणाच्या हातून हरवली ते त्या कागदावर नसतं. सर्टिफिकेट जन्मलं हँडशेकमध्ये (जोडणी जुळताना), म्हणून मागावर सगळी लायब्ररीचीच नावं. हरवलं तुझ्या हातून, पण तुझं ते फंक्शन मेमरी घेतच नाही, फक्त मोजणी वाढवतं, म्हणून त्याचं नाव कुठेच येत नाही. वर्षभर त्या मागाकडे बघत बसलास तरी दिसणार नाही.

आणि दोन ढिगांमधला छोटाच तुझा होता. 'स्टिल रीचेबल' म्हणजे बंद होताना अजून कुणीतरी धरून ठेवलेली मेमरी: एररच्या मजकुरांचे तक्ते, अल्गोरिदमची यादी. ती एकदा घेतली जाते, वाढत नाही. 'डेफिनेटली लॉस्ट' म्हणजे जिच्याकडे बोट दाखवणारा एकही पॉइंटर शिल्लक नाही. डबा मारते ती ही. शिवाय तुझा मेन संपतो कधी? लूप अनंत आहे ना? मग मेनच्या शेवटी टाकलेल्या त्या सहा ओळी पिंपळगावात एकदाही चाललेल्या नाहीत. मिसळीचे पैसे परत माग.

एक प्रयोग कर. सप्रेशन फाइल पुसून टाक. एकदा १० जोडण्या करून थांबव, एकदा १००० करून. हरवलेला आकडा जोडण्यांच्या पटीत वाढला तर गळती लूपमध्ये, तेवढाच राहिला तर सोडून दे.


निफाडचा_थंडोबा
मंगळवार, दुपारी १:०५

काकू, साष्टांग.

१००० जोडण्यांना जवळपास ६ एमबी हरवतात. म्हणजे जोडणीमागे ६ केबी. दिवसाला १४४० जोडण्या, म्हणजे साडेआठ एमबीच्या आसपास. डबा चालू झाल्यावर मोकळी रॅम ३२ एमबीच्या आगेमागे असते. भागाकार केला आणि पावणेचार दिवस आले. तीन आठवडे जे शोधत होतो ते चौथीच्या गणितात होतं.

एक्स५०९_फ्री टाकलं. १००० जोडण्यांनंतर 'डेफिनेटली लॉस्ट' शून्य.


डिप्लोमा_थर्ड_इयर
मंगळवार, दुपारी २:३०

काकू, हे कुणाला कसं कळावं? फंक्शनच्या नावात तर फक्त 'गेट' आहे. प्रत्येक गेटनंतर फ्री करायचं का?


कंपायलरकाकू
मंगळवार, दुपारी ३:१५

अजिबात नको, नाहीतर उलटा अपघात होईल. एसएसएल_गेट_पीअर_सर्ट_चेन मोजणी वाढवत नाही. ते परत आलेलं फ्री केलंस तर लायब्ररीच्या हातातलं ताट ओढलंस, आणि पुढे ती तेच ताट मोडायला गेली की डबल फ्री. एकाच घरातली दोन फंक्शनं, रीत उलटी.

नवीन नावांमध्ये खूण असते. गेट०: बघ, पण हात लावू नकोस, मालक मीच. गेट१: तुझा वाटा तुला दिला, सोडायची जबाबदारी तुझी. सेट० ला दिलेली वस्तू त्याची झाली, सेट१ स्वतःसाठी वेगळी प्रत किंवा संदर्भ घेतं आणि तुझी तुझ्याकडेच राहते. म्हणून एसएसएल_गेट१_सेशन नंतर एसएसएल_सेशन_फ्री लागतं, नुसत्या एसएसएल_गेट_सेशन नंतर नाही. थंडोबाला चावलेल्या फंक्शनच्या नावात ही खूण नव्हती. ३.० मध्ये त्याचं नावच एसएसएल_गेट१_पीअर_सर्टिफिकेट केलं आणि जोडीला गेट० वालं दिलं. जुनं नाव अजून चालतं, पण ते या नव्या नावाचंच टोपण. नाव आधीच असं असतं तर हा धागा निघाला नसता.

जुन्या नावांना मात्र मॅन्युअलचं पान उघडण्यावाचून इलाज नाही. मोजणी वाढते की नाही ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त आपण उदाहरण उचलतो आणि पान बंद करतो.


सातपूर_सेकंड_शिफ्ट
मंगळवार, रात्री ११:२०

शिफ्ट संपवून आत्ता वाचलं. काकूंनी मुख्य भोक बुजवलं. मी सप्रेशन फाइलवर बोलतो, कारण ते वाचून अंगावर काटा आला.

डेबियन या लिनक्सची गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये अशीच व्हॅलग्रिंडची कुरकुर होती, की न भरलेली मेमरी वाचली जातेय. कुरकुर थांबवायला यादृच्छिक आकडे बनवणाऱ्या कोडमधल्या दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी बाद केल्या. त्यातली एक खरंच निरुपद्रवी होती. दुसरी मात्र बाहेरून आलेला सगळा यादृच्छिकपणा आत मिसळणारी ओळ होती. ती गेल्यावर फरक पाडणारं उरलं काय? प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका जातीच्या मशिनवर, एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीसाठी जगभरात मिळून ३२,७६७ शक्यता. मे २००८ मध्ये उघड झालं आणि मधल्या काळात डेबियन, उबंटूवर बनलेल्या एसएसएचच्या आणि सर्टिफिकेटच्या किल्ल्या लोकांना फेकून द्याव्या लागल्या. अहवाल चकाचक होता पण.

तुमच्या सप्रेशनने जगाचं काही बिघडलं नाही, पण वृत्ती तीच. तक्रार दाबायची तर एकेक, नेमका माग लिहून, शेजारी कारण लिहून दाबावी. अख्खी लायब्ररी दाबू नये.

दुसरं. तुमच्या फेऱ्यात सगळं नीट चाललं तर काय होतं ते लिहिलंय. बिघडलं तर? पिंपळगावात रात्री लाइट जाते, मोबाइलचा टॉवर झोपतो. एसएसएल_कनेक्ट फसलं की तुम्ही काय करता? माझा अंदाज, रिटर्न वजा एक.


निफाडचा_थंडोबा
बुधवार, सकाळी ८:४०

…रिटर्न वजा एक.


सातपूर_सेकंड_शिफ्ट
बुधवार, दुपारी १२:१०

मग एसएसएलची वस्तूही तिथेच पडली आणि सॉकेटही. माझा स्वतःचा किस्सा सांगतो. एका मशिनच्या देखरेखीचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मेमरी अगदी स्थिर, मी निवांत. एके दिवशी 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणून बंद. मला वाटायचं एसएसएल_फ्री केलं की सॉकेटही बंद होतो. होत नाही. एसएसएल_सेट_एफडी आतमध्ये बीआयओ (वाचण्या-लिहिण्याचा नळ) बनवतं ते 'बंद करू नकोस' या बोलीवर, सॉकेट तुमचाच राहतो. नेहमीची मर्यादा १०२४ फाइलींची. माझं नेटवर्क दिवसातून पन्नासएक वेळा तुटायचं, मोजा किती दिवसांत भरलं ते. मेमरीच्या आलेखात यातलं काही दिसत नाही.

मी तेव्हापासून एकच पद्धत ठेवलीय. फंक्शनच्या सुरुवातीला सगळे पॉइंटर नल, सॉकेट वजा एक. बाहेर पडायचा रस्ता एकच, खाली 'आवरा' नावाचं लेबल, कुठेही फसलं की गोटू आवरा. तिथे एक्स५०९_फ्री, एसएसएल_फ्री, मग सॉकेट उघडा असेल तर क्लोज. पहिली दोन्ही फंक्शनं नल दिलं तर गुमान परततात, म्हणून इफच्या माळा लागत नाहीत. कॉलेजात गोटूला शिव्या घालायला शिकवतात. सी मध्ये आवराआवरीला याच्याइतकं सरळ दुसरं काही मला सापडलेलं नाही.

अजून दोन किरकोळ. जोडणी एसएसएल_एरर_एसएसएल किंवा एसएसएल_एरर_सिसकॉलने फसली असेल तर एसएसएल_शटडाऊन बोलावू नका, सरळ फ्री करा. आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी ईआरआर_क्लीअर_एरर. एररची रांग थ्रेडमागे एक असते, जोडणीमागे नाही. मागच्या जोडणीचं उष्टं रांगेत राहिलं तर एसएसएल_गेट_एरर चांगल्या जोडणीला आजारी ठरवतं.


डिप्लोमा_थर्ड_इयर
बुधवार, दुपारी १२:४५

मग त्या सहा साफसफाईच्या ओळींचं काय करायचं? आमच्या प्रोजेक्टमध्ये पण त्या आहेत, सरांनी टाकायला लावल्या.


पंचवटी_एक्सप्रेस
बुधवार, संध्याकाळी ७:३०

इगतपुरीला गाडी थांबलीय, रेंज आहे तोवर लिहितो. तुझ्या लॅपटॉपवर १.१.० किंवा पुढचं असेल तर काढून टाक. २०१६ च्या १.१.० पासून लायब्ररी स्वतःच सुरू होते आणि प्रोसेस संपताना अ‍ॅटएक्झिटमधून स्वतःच आवरते. त्या सहातली बहुतेक नावं फक्त जुना कोड कंपाइल व्हावा म्हणून ठेवलीत, त्यांच्या आत काहीच नाही. थ्रेडचंही तसंच, थ्रेड संपला की त्याचं सामान आपोआप जातं. विंडोजवर स्टॅटिक लिंक केलंस तर मात्र ओपनएसएसएल_थ्रेड_स्टॉप स्वतः बोलवावं लागतं.

ओपनएसएसएल_क्लीनअप स्वतः बोलवायचा मोह आवर. एकदा बोलावलं की त्या प्रोसेसमध्ये लायब्ररी परत सुरू होत नाही.


कंपायलरकाकू
बुधवार, रात्री ९:००

१.०.२ वर मात्र माझं मत वेगळं. प्रोसेस संपली की कर्नल सगळी पानं परत घेतोच, म्हणून त्या ओळींनी डब्याला फायदा शून्य. पण चाचणीत त्या ठेवाव्यात. अहवालात फालतू गर्दी नसली की खरी ओळ डोळ्यात भरते. थंडोबाचा घोळ गर्दीतच झाला ना?

आणि १.०.२ वर कुणी जोडणीमागे नवा थ्रेड काढत असेल तर ईआरआर_रिमूव्ह_थ्रेड_स्टेट ही शोभेची ओळ नाही. प्रत्येक थ्रेडने जाताना ती बोलावलीच पाहिजे, नाहीतर त्याची एररची रांग मागे राहते. ते गळणं लूपमधलंच झालं.


सातपूर_सेकंड_शिफ्ट
बुधवार, रात्री ११:१५

चाचणीत ठेवा, मान्य. पण मालात नको. बंद होताना एक थ्रेड अजून लिहितोय आणि मेनने ईव्हीपी_क्लीनअप केलं, असा क्रॅश मी स्वतः निस्तरलाय. बंद होता होता पडणाऱ्या प्रोग्रामचा माग काढण्यात पूर्ण दिवाळी गेली होती.


पंचवटी_एक्सप्रेस
गुरुवार, सकाळी ६:५०

थंडोबा, मूळ प्रश्नच उडवता येतो. सर्टिफिकेट मागतोस कशाला? नाव ताडायला. ते काम लायब्ररीला दे. १.०.२ मध्ये एक्स५०९_व्हेरिफाय_पॅरम_सेट१_होस्ट आहे, १.१.० पासून एसएसएल_सेट१_होस्ट. सोबत एसएसएल_व्हेरिफाय_पीअर लाव. नाव जुळलं नाही तर हँडशेकच मोडेल. सर्टिफिकेट हातातच घेतलं नाही तर सोडायचा प्रश्न नाही. शिवाय तू सर्टिफिकेटातला कॉमन नेम हा जुना रकाना ताडत असशील, हल्ली नावं सब्जेक्ट आल्ट नेम या रकान्यात असतात. उद्या सर्व्हरवाल्याने कॉमन नेम रिकामं ठेवलं की तुझे सगळे डबे एकाच दिवशी मुके.


डिप्लोमा_थर्ड_इयर
गुरुवार, सकाळी १०:२०

अजून एक विचारू का? फ्री केलं की पासवर्ड पण पुसला जातो ना?


कंपायलरकाकू
गुरुवार, सकाळी ११:००

नाही. फ्री म्हणजे खोलीची किल्ली परत दिली, कपाटातलं सामान तिथेच. २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलच्याच भोकातून बाहेरचा माणूस एका खेपेला ६४ केबीपर्यंत मेमरी वाचू शकायचा, आणि त्या सामानात लोकांचे पासवर्ड निघाले. पुसायला मेमसेट वापरशील तर कंपायलर म्हणेल 'पुढे कुणी वाचत नाही, कशाला पुसू' आणि ओळच काढून टाकेल. माझ्या नावाला जागून सांगते, तो खरंच काढतो. ओपनएसएसएल_क्लीन्स वापर.


निफाडचा_थंडोबा
पुढचा बुधवार, रात्री १०:१५

उशीर झाला, हंगाम आहे.

गुरुवारी रात्री नवीन बिल्ड चढवलं. सर्टिफिकेट मागणं काढलं, सेट१_होस्ट लावलं, गोटू आवरा केलं, सप्रेशन फाइल पुसली. लॅपटॉपवर मुद्दाम वायफाय पाडत १००० जोडण्या केल्या, हरवलेलं शून्य आणि उघड्या फाइली सुरुवातीला होत्या तेवढ्याच.

पिंपळगावातही ठीक. पहिले दोनेक तास व्हीएमआरएसएस थोडा चढला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग तो जागीच थांबला. फ्री केलेली मेमरी अ‍ॅलोकेटर लगेच कर्नलला परत देत नाही, पुढच्या जोडणीला तीच वापरतो, हे माहीत असूनही रात्री दोनपर्यंत बघत बसलो. तेव्हापासून दुतोंड्याच्या घोट्यालाही पाणी नाही.

फक्त रविवारी आणि आज, सकाळी बरोबर सव्वासातला आलेख तुटलेला दिसला. दोन्ही वेळा मिनिटभर डेटा नाही, मग डबा नव्याने सुरू. परत व्हॅलग्रिंड, परत नोंदी, काकूंना व्यनि करायला मजकूरही लिहून ठेवला. ओओएमची नोंद कुठेच नाही. दुपारी गाडी काढून पिंपळगावला गेलो.

मामा म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, दर तिसऱ्या दिवशी. बंद करा असं कुठं सांगितलं?"